मुंबई ते न्यूयॉर्क: अंतर किती, वेळ किती आणि तिकीट काढण्याआधी हिशेब कसा मांडायचा

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आहे, पहिल्यांदाच तिकडे जायचं ठरलंय आणि घरात रोज तोच प्रश्न निघतो: "नक्की किती तास लागतात हो?" कुणी सोळा म्हणतं, कुणी बावीस, कुणी "पोचेपर्यंत दीड दिवस जातो" म्हणतं. गंमत म्हणजे तिघंही बरोबर असू शकतात, कारण तिघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत असतात. हा लेख पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी आणि त्यांचं तिकीट इथून किंवा तिथून काढून देणाऱ्या मुलांसाठी आहे. उदाहरण मुंबई–न्यूयॉर्कचं घेतलंय. रीत समजली की शिकागो, टोरांटो, मेलबर्न, कुठलंही गाव घालून तोच हिशेब मांडता येतो.

कागद-पेन घेऊन बसा. मोबाइलवर सगळं दिसतं, पण तारखा आणि वेळा स्वतःच्या हाताने लिहिल्या की घोळ लगेच लक्षात येतात.

पायरी १: सरळ अंतर काढा

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे पृथ्वीच्या गोलाईवरचं सर्वांत कमी अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. मैलांत ते सुमारे ७,७९० होतं आणि सागरी मैलांत सुमारे ६,७७०. वेगवेगळ्या ठिकाणी हे तीन आकडे दिसले तर गोंधळू नका, अंतर तेच आहे. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो आणि सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा. वैमानिक सागरी मैल वापरतात.

आता नकाशा. भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टीने रेघ ओढली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागरावरून जाते. विमानाचा जवळचा रस्ता हा नव्हे. घरात पृथ्वीगोल असेल तर त्यावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. दोरा मुंबईतून वायव्येला, बराचसा उत्तरेकडेच निघतो. सिंध, कंदाहारचा परिसर, तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान असं करत तो रशियात सेंट पीटर्सबर्गच्या जवळून जातो. पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्वे आणि आइसलँड येतात, ग्रीनलंडचं दक्षिण टोक उजवीकडे राहतं आणि कॅनडाच्या लॅब्रॅडोरवरून दोरा खाली न्यूयॉर्कला उतरतो. आइसलँडच्या आसपास तो जवळजवळ ६५ अंश उत्तर अक्षांशापर्यंत चढलेला असतो. नातवंडांना सोबत घेऊन हे एकदा जरूर करून बघा. विमानात समोरच्या पडद्यावर बाहेरचं तापमान उणे पन्नास अंशांच्या आसपास दिसलं आणि खाली बर्फ दिसला की मग घाबरायला होत नाही.

पायरी २: प्रत्यक्ष मार्ग लांबतो, हे गृहीत धरा

दोऱ्याचा रस्ता हा झाला आदर्श. प्रत्यक्षात आकाशाला हद्दी असतात. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांसाठी जवळजवळ बंद होतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने ते भारतीय कंपन्यांच्या विमानांना पुन्हा बंद केलं. मग विमान अरबी समुद्रावरून वळसा घेतं. मुंबईहून हा वळसा दिल्लीच्या मानाने कमी पडतो, कारण मुंबई मुळातच समुद्राकाठी आहे. जून २०२५ मध्ये इराण–इस्रायल संघर्षाच्या वेळी त्या भागातलं आकाशही काही दिवस बंद झालं होतं.

दुसरी अडचण रशियाची. युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, २०२२ पासून अमेरिकन आणि युरोपीय कंपन्यांची विमानं रशियावरून जात नाहीत. म्हणजे एकाच दोन शहरांमध्ये, एकाच दिवशी, कंपनी कुठल्या देशाची आहे यावर रस्ता बदलू शकतो. तिकिटावर यातलं काहीच लिहिलेलं नसतं. ते फक्त प्रवासाच्या तासांमध्ये दिसतं. म्हणून दोन कंपन्यांच्या वेळेत तासा-दीड तासाचा फरक दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

वळसा फारच मोठा झाला तर कधी इंधन भरायला मध्येच उतरावं लागतं. एप्रिल २०२५ नंतर उत्तर अमेरिकेतून भारतात येणारी काही विमानं अशी व्हिएन्नाला थांबली होती. अशा थांब्यात बहुधा प्रवाशांना खाली उतरवत नाहीत, आसनावरच बसून राहावं लागतं. औषधं आणि थोडं खाणं हाताशी ठेवायला हे एक कारण पुरेसं आहे.

पायरी ३: वारा मोजा

लांब पल्ल्याचं जेट विमान स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातं. १२,५३० भागिले ९०० केलं तर साधारण चौदा तास येतात. मग जायला सोळा तास का लागतात?

दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. ध्रुवाकडची थंड हवा आणि विषुववृत्ताकडची गरम हवा यांतला फरक आणि पृथ्वीचं फिरणं या दोन्हींमुळे ते तयार होतात. त्यांचा वेग ताशी दीड-दोनशे किलोमीटरपर्यंत सहज जातो आणि हिवाळ्यात तो अधिक असतो. अमेरिकेला जाताना हा वारा समोरून येतो, परतताना मागून ढकलतो. वैमानिक जाताना तो टाळणारा आणि येताना त्याचा फायदा देणारा मार्ग निवडतात, तरी पूर्ण सुटका होत नाही.

आकड्यांत सांगायचं तर संपूर्ण प्रवासात सरासरी ८० किलोमीटरचा विरोधी वारा धरला तर जमिनीच्या हिशेबाने वेग ८२० राहतो आणि सव्वापंधरा तास लागतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरकत जाणं, रांगेत थांबणं, चढणं-उतरणं यांचा पाऊण तास घाला. झाले सोळा. परतीला ३० किलोमीटरची मदत धरली तरी साडेतेरा अधिक पाऊण, म्हणजे सव्वाचौदा. थेट विमानाला जाताना साधारण साडेपंधरा ते साडेसोळा आणि येताना चौदा ते पंधरा तास, हा अंदाज मनाशी धरायला हरकत नाही. वळसा असेल तर त्यात भर पडते.

तिकिटावरची वेळ ही विमान जागेवरून हलण्यापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतची असते. पडद्यावर "उड्डाणाचा कालावधी" थोडा कमी दिसतो, कारण तो फक्त हवेतला असतो. एखादं विमान गेल्या आठवड्यात खरोखर किती वेळात पोचलं हे पाहायचं असेल तर फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या संकेतस्थळावर विमानाचा क्रमांक घालून बघा. जाहिरातीपेक्षा मी या आकड्यांवर जास्त भरवसा ठेवतो.

पायरी ४: घड्याळाचा हिशेब

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो आणि उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. आपण वर्षभर एकच वेळ पाळतो.

वजाबाकी-बेरजेच्या भानगडीत पडण्यापेक्षा एक सोपी रीत वापरा: तिकिटावरची प्रत्येक वेळ आधी भारतीय वेळेत बदलून लिहा, आणि मगच अंतर काढा. तिकिटावर नेहमी त्या त्या गावची स्थानिक वेळ छापलेली असते.

समजा, १० जानेवारीला मुंबईहून रात्री १.३० ला निघायचं आहे आणि १० जानेवारीलाच न्यूयॉर्कला सकाळी ७.३० ला पोचायचं आहे. वरवर पाहता सहाच तास. न्यूयॉर्कच्या साडेसातमध्ये साडेदहा तास मिळवा, भारतात संध्याकाळचे सहा वाजलेले असतील. रात्री दीड ते संध्याकाळी सहा, म्हणजे साडेसोळा तास.

परतीला समजा २० जानेवारीला सकाळी ११.३० ला निघून २१ ला दुपारी १२.३० ला मुंबईत पोचायचं आहे. वरवर पंचवीस तास दिसतात. पण न्यूयॉर्कचे साडेअकरा म्हणजे भारतात त्याच दिवशीचे रात्रीचे दहा. तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत साडेचौदा तास. तिकिटावर वेळेशेजारी "+१" असं बारीक लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ दुसऱ्या दिवशीची तारीख.

आता सर्वांत महागात पडणारी गोष्ट. अमेरिकेची पुष्कळ विमानं मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. "१० तारखेचं रात्री दीडचं विमान" म्हणजे ९ तारखेचं जेवण आटोपून, ९ तारखेच्याच रात्री विमानतळावर हजर व्हायचं. १० तारखेच्या रात्री तिथे गेलात तर विमान वीस-एकवीस तासांपूर्वीच गेलेलं असेल. म्हणून कागदावर "९ जानेवारी, शुक्रवार, रात्री १०.३० ला विमानतळावर" असं वारासकट लिहा, नुसती विमानाची तारीख लिहू नका.

पायरी ५: थेट जायचं की मध्ये थांबून?

पुष्कळांना वाटतं की मध्ये थांबणारं विमान म्हणजे भलताच लांबचा फेरा. अंतरं पाहिली की आश्चर्य वाटतं. दुबईमार्गे गेलं तर मुंबई–दुबई सुमारे १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क सुमारे ११,०२० किलोमीटर, एकूण १२,९५०. म्हणजे थेट अंतरापेक्षा चारशेच किलोमीटर जास्त. लंडनमार्गे ७,२१० अधिक ५,५४०, एकूण १२,७५०. फ्रँकफर्टमार्गेही जवळपास तेवढंच, आणि दिल्लीमार्गे सुमारे १२,९००. सिंगापूरमार्गे मात्र १९,००० किलोमीटरच्या वर जातं, कारण सिंगापूर–न्यूयॉर्क हा एकटा टप्पाच १५,३०० किलोमीटरहून मोठा, जगातल्या सर्वांत लांब उड्डाणांपैकी एक आहे. स्वस्त म्हणून असं तिकीट कुणी सुचवलं तर आधी हा आकडा बघा.

तेव्हा मध्ये थांबण्याची किंमत किलोमीटरमध्ये मोजायची नसते, थांब्याच्या तासांत मोजायची असते. दुबईला सव्वातीन तास, तिथे तीन तास मुक्काम, पुढे चौदा तास, असे सव्वावीस तास होतात. लंडनमार्गे दहा, तीन आणि आठ, म्हणजे एकवीस.

माझं स्पष्ट मत असं की साठी ओलांडलेल्या, गुडघे किंवा पाठ दुखणाऱ्या माणसांनी थेट विमानाचा हट्ट धरू नये. सोळा तास एका आसनात काढण्यापेक्षा युरोपात मध्यावर उतरून तीन तास चाललेलं शरीराला बरं पडतं, कारण दोन्ही टप्पे जवळपास सारखे होतात. दुबई, दोहा किंवा अबुधाबीला उतरलं तर पहिला टप्पा छोटा आणि दुसरा लांबलचक राहतो, त्यामुळे पाय मोकळे करण्याचा फायदा तितका मिळत नाही. मात्र तिथे हिंदी बोलणारे कर्मचारी पावलोपावली भेटतात, आणि इंग्रजीची धास्ती असलेल्या एकट्या आईसाठी ही गोष्ट तासांपेक्षा मोलाची ठरू शकते. ज्यांना विमान बदलण्याचीच भीती वाटते, त्यांनी थेट जावं आणि चालायच्या वाटेलगतचं आसन घ्यावं.

अबुधाबीबद्दल एक खास गोष्ट. तिथल्या विमानतळावर अमेरिकेचा इमिग्रेशन आणि कस्टम्सचा कक्ष आहे. तपासणी तिथेच होते आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडता. त्यामुळे तिथला थांबा तीन तासांपेक्षा कमी नसावा, कारण तपासणीचा वेळही त्यातूनच जातो.

थांबा किती असावा? दीड तासाचा थांबा वेबसाइटवर छान दिसतो, पण पहिलं विमान तासभर उशिरा आलं की संपलं. अडीच ते चार तास हे माप धरा. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर (बुकिंगच्या क्रमांकावर) असली पाहिजेत. तसं असेल तर जोडविमान चुकल्यावर पुढची सोय करणं कंपनीची जबाबदारी असते आणि सामानही पुढे परस्पर जातं. दोन वेगळी तिकिटं जोडून चार पैसे वाचवण्याच्या फंदात पहिल्या प्रवासात पडू नका. ट्रान्झिट व्हिसाचे (फक्त विमान बदलायला थांबण्यासाठीच्या व्हिसाचे) नियम देशागणिक वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून पैसे भरण्याआधी ज्या देशात थांबायचं त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर बघून घ्या.

न्यूयॉर्कच्या पुढे अमेरिकेतच दुसऱ्या गावी जायचं असेल तर सामान अमेरिकेत पहिल्यांदा उतरता तिथेच ताब्यात घ्यावं लागतं, कस्टम्समधून न्यावं लागतं आणि पुन्हा पट्ट्यावर द्यावं लागतं. मुंबईत चिकटवलेल्या पट्टीवर शेवटच्या गावचं नाव असलं तरी साधारण हाच नियम आहे. तिथला थांबा तीन तासांचा तरी ठेवा.

पायरी ६: विमानतळ म्हणजे शहर नव्हे

न्यूयॉर्कसाठी दोन मोठे आंतरराष्ट्रीय विमानतळ आहेत: क्वीन्समधला जेएफके आणि नदीपलीकडे न्यू जर्सीतला न्यूअर्क. आपली पुष्कळ मंडळी न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहतात. त्यांच्यासाठी न्यूअर्क बरंच जवळ आहे, तर जेएफकेवरून न्यूयॉर्कची गर्दी ओलांडून यावं लागतं. आकाशातून दोघांत काही फरक नाही, रस्त्यावर मात्र एक-दीड तासाचा फरक पडू शकतो. तिकीट काढण्याआधी मुलांना विचारा.

इकडेही आता तेच झालंय. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये प्रवासी विमानं सुरू झाली. तिकिटावर "मुंबई" एवढंच न वाचता विमानतळाचा कोड बीओएम आहे की एनएमआय हे बघा. पहिलं सांताक्रूझ–अंधेरीकडचं, दुसरं उलव्याचं. देशांतर्गत विमानाने एका ठिकाणी उतरून दुसऱ्या ठिकाणाहून परदेशी जायचं असेल, तर मध्ये संपूर्ण शहर आडवं येतं.

पायरी ७: दारापासून दारापर्यंत

आता खरा आकडा. पुण्याहून निघणाऱ्या जोडप्याचा हिशेब मांडू, वरचंच रात्री दीडचं थेट विमान धरून. आंतरराष्ट्रीय विमानासाठी निदान तीन तास आधी, म्हणजे साडेदहाला पोचायचं. द्रुतगती मार्ग, घाट आणि मुंबईतली गर्दी धरून चार तास, म्हणजे घरून संध्याकाळी साडेसहाला निघायचं. पावसाळ्यात किंवा सुट्ट्या जोडून आल्या असतील तर आणखी एक तास आधी. विमान भारतीय वेळेने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाला उतरणार, झाले साडेतेवीस तास. इमिग्रेशनची रांग आणि सामान यांना दीड तास, मुलाच्या घरी पोचायला सव्वा तास. एकूण सव्वासव्वीस तास. मध्ये थांबा असेल तर तीस. नाशिककरांचा हिशेब पुण्यासारखाच. कोल्हापूर, सोलापूर, नागपूरकडून येणाऱ्यांनी आदल्या दिवशीच मुंबईत नातेवाइकांकडे मुक्कामाला यावं, थेट बसमधून उतरून विमानात चढू नये.

पायरी ८: तास शरीराला विचारून लावा

मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड यांची औषधं "सकाळी-रात्री" अशी घेणाऱ्यांचा या प्रवासात घोळ होतो, कारण सकाळच लांबते. आपल्या डॉक्टरांना तिकीट दाखवा आणि "शेवटच्या डोसनंतर किती तासांनी पुढचा" असं भारतीय वेळेत लिहून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे केल्याशिवाय निघूच नये. सगळी औषधं, चिठ्ठीसकट, हातातल्या पिशवीत ठेवा. सामानात टाकू नका.

केबिनमधली हवा फार कोरडी असते, पाणी मागत राहा. लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका असतो, म्हणून जागेपणी तास-दीड तासाने उठून चाला, बसल्या जागी घोटे फिरवा. पूर्वी असा त्रास झालेल्यांनी किंवा नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. व्हीलचेअरची सोय तिकीट काढतानाच नोंदवा, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत. ही मदत घेण्यात कमीपणा मुळीच नाही: विमान बदलताना एक किलोमीटर चालणं आणि योग्य गेट शोधणं, दोन्ही वाचतं.

झोपेचं घड्याळ साधारण दिवसाला एक तास या गतीने जुळतं. पहिला आठवडा पहाटे तीनला जाग येईल, त्याची काळजी करू नका. पूर्वेकडे येताना, म्हणजे परत आल्यावर, हा त्रास बहुतेकांना जास्त जाणवतो. परतीच्या दुसऱ्याच दिवशी लग्न किंवा बँकेचं काम ठरवू नका.

पायरी ९: एकच कागद, दोन्ही घरी

शेवटी सगळं एका पानावर आणा: घरून निघण्याची वेळ वारासकट, विमानाचा क्रमांक, विमानतळ आणि टर्मिनल, प्रत्येक टप्प्याची स्थानिक वेळ आणि तिच्याशेजारी भारतीय वेळ, थांब्याचे तास, औषधांच्या वेळा, तिकडचा पत्ता आणि फोन. एक प्रत पासपोर्टसोबत ठेवा, एक इथल्या घरी आणि एकाचा फोटो मुलांना पाठवा. फोनची बॅटरी नेमकी इमिग्रेशनच्या रांगेत संपते आणि पत्ता तेव्हाच विचारला जातो.

मुलांनी विमान उतरण्याच्या वेळेला दारात येऊन उभं राहण्याची गरज नाही. विमानाचा क्रमांक घालून ते किती वाजता उतरतंय हे मोबाइलवर दिसतं, त्यानंतर आई-बाबा बाहेर यायला एक ते दोन तास लागतात. इकडे राहिलेल्यांनीही तेवढा वेळ फोनची वाट बघत काळजी करू नये. विमानतळाच्या मोफत वायफायला जोडायला जमलं नाही, तर पहिला फोन बाहेर मुलगा भेटल्यावरच येणार.